पत्र्यावरचे दगड

लग्न होऊन सासरी आले त्याच वैशाखात मी मागच्या पत्र्यावरचे दगड उतरवले आणि गुलाबाला आळं केलं.

लातूर-नांदेडकडच्या माणसानं हे एवढं वाचलं तरी तो कपाळाला हात लावेल. बाकीच्यांना जरा सांगायला पाहिजे. आमच्याकडं खेड्यातला पत्रा खिळ्यांनी जेवढा थांबतो, त्याहून जास्त वरच्या दगडांनी थांबतो. वैशाखात दुपार टळली की आभाळाच्या एका कोपऱ्यात मातकट रंग चढतो, हवा एकदम गप्प होते, आणि मग वावधान सुटतं. त्या वाऱ्याला सगळ्यात आधी पत्रा लागतो. कडेखाली बोट घालून डब्याचं झाकण उचकटावं तसा तो पत्रा उचलतो. सुटलेला पत्रा म्हणजे उडतं पातं. तो कुठं जाईल आणि वाटेत कोण असेल, याचा काही नेम नाही. म्हणून दगड. दर उन्हाळ्याच्या तोंडाला घरोघरी कुणीतरी शिडी लावून वर चढतं, सरकलेले दगड जागेवर आणतं, हलके बदलतं. आमच्या घरी हे काम आत्याबाईंचं होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणायची रीत.

आणि मी ते दगड खाली आणले. सुंदर दिसावं म्हणून.

त्या वेळची मी म्हणजे तिकीट लावून दाखवावी अशी चीज होते. मॅट्रिक पास, मनगटावर वडिलांनी दिलेलं घड्याळ, आणि गावात कुणाला वेळ विचारायची गरज नसली तरी मी ती सांगत फिरायची. नांदेडला सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. डोक्यावर स्लॅब. वादळ आलं की आम्ही खिडक्या लावायचो आणि भजी करायचो; वादळाशी माझी ओळख तेवढीच. क्वार्टरसमोर एका साहेबाचा बंगला होता. त्याच्या बागेत फुलझाडांच्या वाफ्यांना तिरप्या विटांची कड होती, गेरूनं रंगवलेली, वर चुन्याचा पांढरा पट्टा. लहानपणी त्या फाटकाला नाक लावून मी उभी राहायची. बाग म्हणजे ती, अशी माझी समजूत. सासरी जाताना पितळेची भांडी, गादी, शिवणयंत्र आणि ही समजूत, एवढं बरोबर नेलं.

सासर अहमदपूरपासून आत. एस.टी. फाट्यावर सोडायची आणि पुढं चालत जायचं. पुढचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जाड भिंतींचं, आत गार. मागं सैपाकघर आणि त्याला लागून म्हशीचा गोठा, दोन्हींवर पत्रा. त्याच्याही मागं आत्याबाईंचा परस. मी पहिल्या दिवशी तो पाहिला आणि मनात म्हटलं, अरे देवा, ही तर अडगळ आहे. कुठं रांग नाही, कुठं वाफा नाही. न्हाणीचं पाणी एका चरातून अळूकडं जायचं, अळूतून केळीकडं, केळीतून वाकडं होऊन लिंबाकडं. भांडी घासलेलं राखेचं पाणी दोडक्याला. दोडका चढलेला शेवग्यावर, कारलं चढलेलं तुराट्यांच्या कुडावर, मधेच कढीपत्ता, मधेच कोंबड्या. चूळ भरायचं पाणीसुद्धा त्या बाईनं कुणाला वाया घालवू दिलं नाही. "हितं उभं ऱ्हाऊन थुक, कोथिंबिरीत," म्हणायच्या. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सुद्धा. आणि ते बिचारे तांब्या घेऊन कोथिंबिरीपाशी जायचे.

उन्हाळ्यात गावात भाजी मिळायची नाही. विहिरी तळाला गेलेल्या, बाजार आठवड्याला. आमच्या घरात मात्र रोज ताटात काहीतरी हिरवं असायचं. ते कुठून येतं हे मला कळत होतं. पण मला त्यातलं काही दिसत नव्हतं, कारण मी वीटबंद वाफे शोधत होते.

माहेराहून मी एक कलमी गुलाब आणला होता, पिशवीतली माती सांडू नये म्हणून एस.टी.त मांडीवर धरून. आत्याबाईंनी त्याला न्हाणीजवळ जागा दिली. मग रोपाकडं बघून विचारलं, "ह्येला काय लागतंय, गुळाचं पानी का?" मी रुसून दोन घास कमी जेवले. सासरी आल्यापासून तसंही माझं रडं चालूच असायचं. विहिरीवर रडायची, चुलीपुढं धुराचं निमित्त करून रडायची. घड्याळ बघून रडायची म्हटलं तरी चालेल.

मग औशाला नात्यातलं लग्न निघालं आणि आत्याबाई, मामंजी, आमचे हे, सगळे गेले. घराकडं लक्ष ठेवायला शेजारची म्हातारी सोबतीला आणि मी. सकाळी परसात उभी राहिले. गुलाबाला पहिली कळी धरली होती. विटा नव्हत्या. नजर वर गेली. पत्र्यावर दगडांच्या दोन ओळी, एक खालच्या कडेला आणि एक वर. सपाट, दोन हातांत उचलतील एवढे, एकसारखे. मला वाटलं, दोन ओळी कशाला? एकीनं भागतं की! आणि वरची ओळ तशी कुणाला दिसतही नाही. मॅट्रिकला गणितात मला चांगले मार्क होते, ते असे कामाला आले.

शिडी होतीच. ऊन चढायच्या आत मी वरची ओळ सगळी उतरवली. म्हातारी ओट्यावरनं ओरडली, "काय करून राहिलीस गं पोरी वर?" मी म्हटलं, "साफसफाई." तिला मोतीबिंदू होता, तिनं मान डोलवली. दगड धुतले. घरात भिंतीसाठी आणलेला गेरू होता, चुना होता. एकेक दगड लाल केला, वर पांढरा पट्टा ओढला आणि गुलाबाभोवती गोल मांडले, किंचित तिरपे, साहेबाच्या बंगल्यातल्यासारखे. संध्याकाळपर्यंत वाळले. मी चार पावलं मागं जाऊन बघितलं. खरं सांगते, सासरी आल्यावर त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्यानं गाणं म्हटलं. शेजारच्या म्हातारीनं, दिसत नसताना, छान म्हटलं.

मंडळी परत आली. यांनी बघितलं, हसले, म्हणाले, "अरे वा, सर्किट हाऊस!" मामंजी म्हणाले, "झकास." आत्याबाई हातातली पिशवी खाली ठेवून गुलाबापाशी गेल्या. पदर खोचला, वाकल्या, एका दगडावर तळवा ठेवला. जरा वेळ तशाच. मग एकदा माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा तोंडभर हसत असणार. म्हणाल्या, "बरं दिसतंय."

त्यांच्याकडनं मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मी ती घेऊन दोन दिवस घरभर तरंगत होते.

*

आज लातूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहितेय. पुन्हा वैशाख आहे. सुनेच्या मोबाइलवर सकाळीच टुणकन आवाज झाला: वादळी वारे, विजांचा कडकडाट, काही ठिकाणी गारपीट. पूर्वी हा निरोप आभाळ द्यायचं, मुंग्या द्यायच्या, म्हशीचे कान द्यायचे. आता मोबाइल देतो, आणि तो वैशाखाची वाटही बघत नाही. फाल्गुनात देतो, ऐन थंडीत देतो. हरभरा उभा असताना गारा येतात, आंबा मोहरात असताना येतात. एका वर्षी औशाच्या रस्त्यानं येत होतो. गारा पडून गेल्या होत्या. रस्त्याकडेच्या कडुलिंबांखाली पानांचा चिखल आणि त्या चिखलात साळुंक्या, पोपट, बगळे. पडलेले. एस.टी.त बडबड चालली होती ती सगळी थांबली. कुणीतरी म्हणालं, झाडं दाट असती तर वाचली असती बिचारी. दाट झाडं आपणच रस्ता रुंद करताना काढली, हे कुणी बोललं नाही. मीही नाही.

सुनेची, शुभांगीची, गच्चीत बाग आहे. माझ्या आत्याबाईंच्या परसापेक्षा फार देखणी. रंगीत कुंड्या, त्यात पुदिना, मिरच्या, टोमॅटो, लटकणारी फुलं. पोरीचा हात चांगला आहे. टँकरचं पाणी असताना ती धुण्याचं पाणी बादलीनं वर नेते, भाज्या धुतलेलं पाणी कधी मोरीत ओतत नाही. मी काही शिकवलं नाही, टंचाईनं शिकवलं. फक्त तिला कठड्यावर कुंड्या ओळीनं मांडायचा नाद. खालच्या रस्त्यावरून बघितलं की छान दिसतं म्हणे. आणि खाली, बरोब्बर त्या कठड्याखाली, भाजीवाल्या बसतात.

मी त्या कुंड्या उतरवते. कुणी झोपलेलं असताना, कुणी ऑफिसला गेलेलं असताना, सरळ उतरवून कोपऱ्यात भिंतीशी दाटीनं मांडते. एवढंच नाही, समोरच्या बिऱ्हाडाच्या गच्चीतल्याही उतरवते. किल्ली कुठं ठेवतात ते मला ठाऊक आहे. बिल्डिंगमध्ये माझं नाव 'कुंडीचोर आजी' पडलंय. परवा तर जिन्यात एका पोरीनं आईला विचारलं, "ह्याच का त्या?" मी तिला डोळा मारला.

काल शुभांगीनं नव्या निळ्या कुंड्या आणल्या. कठड्यावर मांडल्या, मागं सरून बघितलं. तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे. मी म्हटलं, "खाली घे."

"आई, आजच्या दिवस राहू द्या ना. वारा कुठाय? फोटो तरी काढू द्या."

"फोटो काढ आणि खाली घे."

"तुम्ही ना आई, कधी म्हणून कौतुक करत नाही."

"कौतुक खाली ठेवल्यावर करीन."

तिचा चेहरा पडला. पडू दे. इतर बाबतीत मी फार लाड करणारी सासू नाही की कडक सासू नाही, टीव्हीचा रिमोट सोडला तर आमचं भांडण होत नाही. पण या एका गोष्टीत मी एक दिवसही थांबत नाही.

*

आमचं वावधान मंडळी परतल्यावर तिसऱ्या दिवशी आलं.

दुपारी चुलीवर आमटी होती. आधी कोंबड्या आत आल्या. मग उजेड पिवळा झाला, हळद पडल्यासारखा. आत्याबाई म्हणाल्या, "आलं. जल्दी जल्दी आवर." वाळवणाच्या बाजा आम्ही ओढून आत घेतल्या. मी घड्याळात बघितलं. कशासाठी, ते विचारू नका. पत्रा आधी नुसता कुरकुरला. मग वाजायला लागला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, म्हणून मला वाटलं, असाच वाजत असेल. आत्याबाईंना माहीत होतं की असा वाजत नाही. त्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आणि म्हणाल्या, "तू आत जा. माळवदाखाली जा. भायेर येऊ नगंस."

मी गेले. त्या मागं वळल्या. गोठ्यात म्हैस बांधलेली होती, तिला सोडायला. तोंडावर माती येत होती म्हणून मी दार ओढून घेतलं, तेव्हा फटीतून शेवटचं दिसलं ते त्यांचा हिरवा पदर, वाऱ्यानं सरळ रेघ झालेला.

पत्रा सुटल्याचा आवाज सांगता येत नाही. नंतर एकदम सगळं गप्प. नंतर म्हशीचं ओरडणं.

पाऊस पडलाच नाही. चार थेंब पडले असतील, मातीचे. दार उघडलं तर सैपाकघरावर आभाळ होतं. म्हैस सुटून लांब जाऊन उभी. लिंबाचं झाड मुळासकट आडवं. केळी चिंध्या. शेवगा मधोमध मोडून दोडक्यावर पडलेला. आणि आत्याबाई भिंतीला टेकून बसलेल्या, उजवा हात मांडीवर, त्यावर डाव्या हातानं पदर दाबलेला. पदर हिरवा राहिला नव्हता. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "दावं सोडलं मी. म्हैस हाय का?"

हाय, म्हटलं. आणि मग मी ओरडले.

गुलाबाचं पानही हललं नव्हतं. न्हाणीच्या भिंतीच्या आड, लाल-पांढऱ्या दगडांच्या कड्यात तो तसाच उभा होता. कळी उमलायला आली होती. आळं इतकं चांगलं झालं होतं.

जीप मिळवून अहमदपूरला नेलं, तिथून लातूरला पाठवलं. पत्र्याची कड मनगटाच्या वर बसली होती. डॉक्टर म्हणाले, हात राहील. पण बोटं मिटायची नाहीत.

मी गावात होते. दुसऱ्या दिवशी हे कपडे न्यायला आले. मला वाटलं, आता म्हणतील, तुझ्याचमुळं झालं हे. ते म्हणाले, "आईनं निरोप दिलाय. लिंबाच्या मुळ्यांवर ओलं पोतं टाक म्हणे. वाळू देऊ नको." त्यांचे डोळे लाल होते. "टाके घालत होते आणि ती लिंबाचं बोलत होती."

मी पोतं टाकलं. दिवसातनं कितीदा ते ओलं केलं, देव जाणे. दवाखान्यात जाऊन पाय धरावेत एवढी हिंमत नव्हती, म्हणून पोतं ओलं करायची. त्यातच गुलाब उमलला. मोठा, गुलाबी, वासाचा. मी तो तोडला नाही की हुंगला नाही. पाठ करून त्याच्यापुढून जायची.

वरच्या ओळीचे दगड कुठं गेले, हे कुणीच विचारलं नाही. वाऱ्यानं नेले, असं ठरलं. मामंजींनी ते ठरवलं. पारावर सांगताना म्हणाले, वारा एवढा की दगड उडाले, वरच्या वावरात जाऊन पडले. पुढच्या वर्षी ते दगड शिवेपलीकडं गेले. त्याच्या पुढच्या वर्षी एका दगडानं कुणाच्या तरी बाभळीची फांदी मोडली. मी कोपऱ्यात चहा गाळत असायची आणि माझे दगड गावभर उडत असायचे. लोक माझ्याकडं बघून खात्री करून घ्यायचे, "तुमी तर व्हता न घरी?" मी मान हलवायची. हाव, होते. एवढा खोटेपणा माझ्यात कुठून आला कोण जाणे. पण इतकी वर्षं टिकला, म्हणजे माल चांगला होता. आत्याबाई मात्र ही गोष्ट निघाली की उठून आत जायच्या. मला वाटायचं, त्यांना तो दिवस आठवतो.

शेजारच्या बायका वेगळं बोलायच्या. नव्या सुनेचा पायगुण. मला ऐकू येईल असं, पण मला न सांगितल्यासारखं. एकदा आत्याबाईंपुढंच एक जण बोलली. त्यांनी हातातलं, म्हणजे डाव्या हातातलं, सूप खाली ठेवलं. "पायगुनानं पत्रा उडत न्हाई," म्हणाल्या. "वारा व्हता. बास." माझ्या मनात आलं, पायगुण नाहीच, आत्याबाई. हात होते माझे. मनात आलं, आणि मी सूप उचलून धान्य पाखडायला लागले.

*

त्या उन्हाळ्याचं, आणि त्यामागून आलेल्या पावसाळ्याचं, मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे: त्यांचा आवाज आणि माझा हात.

त्यांच्या उजव्या हाताची बोटं उघडीच राहिली, कुणाकडं काही मागत असल्यासारखी. खुरपं धरता येईना. मातीत बोट खुपसून ओल बघायची त्यांची सवय, ते बोट आता वाकत नव्हतं. म्हणून संध्याकाळी त्या परसात येऊन बसायच्या आणि मला सांगायच्या. बसायच्या कुठं? गुलाबाच्या आळ्यावर. त्याच दगडांवर. जागा सावलीची होती, उंची बरोबर होती. पावसानं गेरू निघून गेला होता, चुन्याचा पट्टा गेला होता, आणि एकेक दगड आपल्या मूळच्या काळ्या तोंडानं बाहेर येत होता. मी घाबरून ते तोंड खाली करून ठेवायची. त्याच्यावर त्या बसायच्या आणि म्हणायच्या, "हां. आता लिंबाला दोर लाव."

लिंबाचं झाड आम्ही उभं केलं. यांनी आणि मामंजींनी दोर ओढला, मी मुळांपाशी माती दाबली. आत्याबाई म्हणाल्या, "अर्धं डोस्कं काप त्याचं. मुळ्या तुटल्यात, तेवढी पानं त्याला पोसवायची न्हाईत." मला झाडाचं डोकं कापवेना. त्यांनी डाव्या हातात कोयता घेतला, दोन घाव वाकडे बसले. मग मी घेतला.

शेवगा ठिसूळ, त्याला वैशाखाच्या आधीच खाली छाटायचा. केळीची पानं वारा यायच्या आधी अर्धी चिरायची, म्हणजे बुंधा मोडत नाही. वेल उंच चढू द्यायचा नाही. पाचट, काडीकचरा जाळायचा नाही, बुडाशी घालायचा. आणि पश्चिमेला शेवरी लावायची, दाट, दोन ओळींत. मी म्हटलं, भिंतच बांधू की पक्की! शहाणपण अजून जिरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "भिंतीला वारा धडकतो आन् वरून उडी मारून आत येतो, दुप्पट चिडून. झाडीतून आला की दमतो. त्याला अडवायचं न्हाई, चाळायचं. पीठ चाळतीस न, तसं."

त्यांनी हाताची चाळणी करून दाखवली. उजव्या हाताची. बोटं उघडी होतीच.

एके दिवशी मी गुलाब उपटायला निघाले. दोन्ही हातांनी धरला, काटे लागले. त्या बघत होत्या. "त्येनं काय केलंय?" म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे." मी सोडला. काटे काढून द्यायला त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि मग लक्षात आलं की त्यांना ते जमणार नाही. दोघीही त्या हाताकडं बघत बसलो. मग मी माझे काटे मी काढले.

शेवरी वाढली. पुढची वावधानं त्यातून चाळून आली. गावात पत्रे उडायचे, आमच्या परसात पानं झडायची, एवढंच. लोक रोपं न्यायला यायचे. ही विद्या माझ्या नावावर जमा झाली. "सूनबाईंची बाग" म्हणायला लागले. मी ऐकून घ्यायची. आणि रात्रीच्या भाकरीला आत्याबाई डाव्या हातानं घास घ्यायच्या, ते बघायची.

आता ते गाव तसं नाही. बोअर पाताळात गेले. शेवरी कुणीतरी मागच्या रस्त्याच्या वेळी काढली. माहेरचं नांदेडही तसं नाही. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की भावाच्या अंगणात पाणी येतं, ओसरताना मोगऱ्यावर गाळाची साय सोडून जातं. भाऊ फोनवर म्हणतो, ताई, औंदा काही लावलंच नाही, कशाला लावायचं? मी त्याला रागावते. मग फोन ठेवते आणि कठड्याकडं बघते. मलाही पुष्कळदा वाटतं, कशाला लावायचं? वारा पूर्वीचा राहिला नाही, पाणी पूर्वीचं राहिलं नाही, चाळणी आपणच तोडली. आपल्या हातात काय आहे? एवढंच, की आपण लावलेलं काही उडून दुसऱ्याला लागू नये. हे तत्त्वज्ञान नाही. माझ्या घरी त्याला एक न मिटणारा हात होता, आणि तो मी रोज बघितला.

मुलगा नोकरीला लागला तेव्हा गावाकडं मागच्या बाजूला स्लॅब टाकायचं ठरलं. मिस्त्रीच्या माणसांनी पत्रे उतरवले. वरचे दगड एकेक करून खाली भिरकावले. धप्, धप्. मामंजी तेव्हा नव्हते. त्यांचे उडते दगडही त्यांच्याबरोबर गेले होते. आत्याबाई खूप थकल्या होत्या. गुलाबाच्या जागी नुसतं खोड उरलं होतं, पण आळं होतं, आणि त्या आळ्यावर बसून ते काम बघत होत्या. मांडीवर तो उघडा हात.

मला काय झालं कुणास ठाऊक. दगड पडण्याचा आवाज सहन होईना. मी त्यांच्या पायाशी बसले आणि बोलून टाकलं. सगळं. शिडी, गेरू, पट्टा, दोन ओळी कशाला असं वाटलं ते. वाऱ्यानं काही नेलं नव्हतं, आत्याबाई. तुम्ही बसलाय ना, तेच ते. एवढी वर्षं तुम्ही त्याच्यावरच बसताय.

त्या मिस्त्रीकडं बघत होत्या. मग डावा हात खाली सोडून बुडाखालचा दगड चाचपला, मी उलटं करून ठेवलेलं त्याचं तोंड बोटांनी शोधलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या:

"गेरूनं दगड लपतो व्हय गं? औशाहून आले त्याच दिशी वळखले मी. तू लई खुशीत व्हतीस. म्हनलं, ऱ्हाऊ दे आठ रोज. मंग चढवू."